वरून आवाज येतोय तोवर

(बडोद्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘झाडावरच्या गप्पा’ असं सांगितलं. त्यांना वाटलं, मी पक्ष्यांवर बोलणार. पक्षी अधूनमधून येतीलच, पण मला बोलायचंय ते झाडावर चढलेल्या माणसांच्या गप्पांबद्दल. आमची झाडं छाटणाऱ्यांची टोळी चौघा-पाचांची. एक वर फांदीवर, एक खाली दोर धरून, एक मशीनची, म्हणजे साखळीच्या करवतीची, चेन घासत बसलेला आणि एक रस्त्यावरच्या अ‍ॅक्टिवावाल्यांना हात दाखवून थांबवणारा. ही मंडळी दिवसभर बोलत असतात. गिऱ्हाइकाबद्दल, हत्यारांबद्दल, एकमेकांच्या सासुरवाडीबद्दल, आणि पुढे आयुष्यात काय करायचं याबद्दल. सोसायटीतली माणसं गॅलरीतून बघतात आणि म्हणतात, “यांचे हात कमी, तोंडच जास्त चालतंय.” माझं म्हणणं असं, की तोंड चालतंय म्हणूनच हात नीट चालताहेत. तेवढं एक पटवून द्यायला मी आज आलोय. बाकी विषयांतर आहे. ते मी मुबलक करणार आहे.

आमची बहुतेक पोरं छोटाउदेपूर, दाहोदकडची. घरी त्यांची बोली वेगळी, कामावर गुजराती, आणि माझ्याबरोबर राहून थोडी मराठी. फांदी सुटायच्या आधी वरचा ओरडतो, “आवे छे!”, म्हणजे येतेय, आणि खालचा दोर तपासून, इकडेतिकडे बघून उत्तर देतो, “आववा दे!”, येऊ दे. ट्रक मागे घेताना क्लीनर जे ओरडतो, तेच. हे उत्तर खालून आल्याशिवाय शेवटचा घाव घालायचा नाही, हा नियम. उत्तर आलं नाही तर मशीन बंद करायचं आणि पुन्हा ओरडायचं. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, कानाला मफ असतात, तेव्हा मशीन चालू ठेवून मारलेली हाक ही हाकच नव्हे.

हा नियम आम्ही शोधला असं नाही. अमेरिकेत झाडकामाच्या सुरक्षेची जी नियमावली आहे, तिच्यातही वरच्यानं इशारा द्यायचा आणि खालच्यानं जबाब द्यायचा, असंच लिहिलंय. त्या नियमावलीच्या मुळाशी रॉचेस्टर गावातली एक आई आहे. तिचा मुलगा झाडावर काम करताना गेला. 1968 साली तिनं अनेक संस्थांकडे अर्ज केले की या धंद्याला काहीतरी नियम करा. हे मी पोरांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सगळे गप्प झाले. मग दोरवाला म्हणाला, “आपली आई तर म्हणते, दुसरा धंदा कर.”

आता गंमत ऐका. उत्तरायणाच्या आठवड्यात बडोद्यात प्रत्येक गच्चीवरून “काइपो छे!” ची आरोळी उठत असते, हे तुम्हाला सांगायला नको. पोरं तीच आरोळी फांदी पडताना ठोकायची. मोठी मजा. पण मी ती बंद केली, कारण शेजारच्या गच्चीवर कुणाचा पतंग कापला आणि इथे खालचा समजला फांदी सुटली, असं होऊ शकतं. त्यांनी लगेच तोड काढली: फांदी जमिनीवर पडून थांबली की मग सगळ्यांनी मिळून “काइपो छे!” म्हणजे इशारा वेगळा, आनंद वेगळा. त्या दिवसांत झाडावर मांजाही लोंबत असतो, आणि तो पानांत दिसत नाही. पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान असतं, 10 ते 20 जानेवारी. चढणाऱ्याच्या गळ्यासाठी कुठलं अभियान नाही. म्हणून जानेवारीत वर जाणारा आधी लांब काठीनं समोरची जागा विंचरतो आणि तोंडानं सांगत जातो, “इथे दोरी, इथे दोरी, इथे कबुतर, मेलेलं.”

आणि हे सांगणं थांबलं की मला धास्ती वाटते. मे महिन्यातली गोष्ट, पारा चाळिशीच्या वर. आमच्यातला एक पोरगा जिभेचा तिखट, त्याची नुकतीच सगाई झालेली. दोरवाल्यानं खालून चिडवलं, “सासऱ्यानं बुलेट दिली की सायकल?” एरवी वरून तीन वाक्यं आली असती. काही आलं नाही. पुन्हा विचारलं, तर नुसतं “हं.” आमचे काका, म्हणजे टोळीतले सगळ्यांत वयस्क, ज्यांना मालकासकट सगळे काका म्हणतात, ते दोराजवळ गेले आणि म्हणाले, “खाली घे त्याला.” खाली आला तेव्हा घाम थांबलेला, अंग तापलेलं. सकाळपासून फक्त चहा पोटात. सावलीत झोपवून डोक्यावर पाणी ओतलं, जरा शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेला. नाडी मोजायचं यंत्र वर पाठवता येत नाही. टोमणा पाठवता येतो.

याच्या उलट अनुभवही सांगतो. इथल्या विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागातली एक मुलगी आमच्याबरोबर काम बघायला यायला लागली. पोरं एकदम सभ्य झाली. बेन आहेत म्हणून सासुरवाडी बंद, शिव्या बंद, सगळं बंद. इशारे तेवढे चालू, पण मधली सगळी जागा रिकामी. कोण दमलाय, कोणाचा मूड गेलाय, कोण घाईत आहे, काही कळेना. मला ते काम बघवेना. शेवटी काकांनीच कोंडी फोडली. त्यांनी विचारलं, “बेन, लग्नाबिग्नाचं काय?” ती म्हणाली, “दोर नीट धरणारा मिळाला की करीन, काका.” वरचा फांदीवर बसल्या बसल्या इतका हसला की त्याला दोन मिनिटं काम थांबवावं लागलं. त्या दिवसापासून सगळं पूर्ववत.

हत्यारांकडे येतो, कारण अर्ध्या गप्पा हत्यारांच्याच. काकांचा जीव कोयत्यावर आणि कुऱ्हाडीवर. मशीनवर चालणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी आळशी. पोरं म्हणतात, काका, तुमची कुऱ्हाड म्युझियममध्ये द्या, गायकवाडांच्या तलवारींशेजारी ठेवतील. यावर मी त्यांना सांगितलं की ही साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हतीच. हाडं कापण्यासाठी होती. बर्नहार्ड हाइन नावाच्या जर्मन माणसानं 1830 च्या सुमाराला हातानं फिरवायची, साखळीला दात असलेली अशी करवत केली, शस्त्रक्रियेसाठी. लाकडाची मोटरवाली खूप नंतर आली. आंद्रेआस श्टीलनं 1926 मध्ये विजेवर चालणारी बनवली, तिला दोन माणसं लागत. काकांनी एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे आधी माणसं कापत होते. मी म्हणत होतोच.”

पण काकांची एक गोष्ट मशीनवाल्या पोरांनी उचलली, ती म्हणजे धार. चेन बोथट आहे हे कसं ओळखायचं? खाली काय पडतंय ते बघा. धारदार चेन लाकडाचे चांगले जाड तुकडे फेकते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसायला लागलं की पोरगा मशीनवर जोर देतो, आणि जोर दिला की हात चुकतो. म्हणून खाली उभा असलेला दोरवाला अंगावर पडणारं बघून ओरडतो, “अरे, पोळ्या करायच्यात का? पीठ कशाला पाडतोस?” तो विनोद वाटतो, पण ती तपासणी आहे. मग मशीन खाली येतं, गोल कानस घेऊन एकेका दाताला आतून बाहेर, एकाच दिशेनं, सारखे दोन-तीन हात मारायचे. मागे-पुढे घासायचं नाही, चाकूला घासतो तसं. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घासलं गेलं तर करवत लाकडात वाकडी चालते. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो, तो दात किती खोल चावा घेईल ते ठरवतो. तो खुंट पोरं उत्साहानं जास्त घासून टाकतात, म्हणजे मशीन जोरात खातं. खातं खरं, पण उसळतं. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा फांदीला लागला की मशीन क्षणात कपाळाकडे येतं. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. तोंड बाजूला घ्यायला वेळच नसतो. पुढचा ब्रेकचा दांडा तेवढ्यासाठी असतो, आणि सेकंडहँड मशीन घेताना तो तुटलेला असला तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

मांड्यांवर घालायची ती जाड पँट मी आणली तेव्हा पोरांनी तिला नावं ठेवली. बडोद्याच्या उन्हात ती घालणं म्हणजे शिक्षाच, मान्य आहे. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जातात, चाकात गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. हे मी एका जुन्या पँटवर करून दाखवलं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, फक्त काका म्हणाले, “कोयत्याला पँट लागत नाही.” काकांच्या नडगीवर कोयत्याचा वण आहे, तो मी त्यांना दाखवला. त्यावर ते म्हणाले, तो पतंग पकडताना.

आता कामाबद्दल. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, “झाड जरा वरून हलकं करून द्या.” म्हणजे शेंडा उडवा. गाडीवर विष्ठा पडते, पाण्याच्या टाकीत पानं जातात, सूर्य येत नाही, वास्तुवाल्यानं सांगितलंय. मी समजावतो की शेंडा उडवला की त्या कापाखालून डझनभर फुटवे येतात, सरळ वर, भराभर. ते फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात, जुन्या फांदीसारखे आतपर्यंत गेलेले नसतात. चार वर्षांनी ते जड होतात आणि पहिल्या वादळात सोलून खाली येतात. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, “बरोबर आहे तुमचं. पण थोडंसं तरी.”

दुसरा आग्रह लेपाचा. कापलेल्या जागी डांबर लावा, ऑइल पेंट लावा, निदान गेरू तरी लावा. या आग्रहाला आपल्याकडे फार जुना आधार आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडांच्या दुखण्यावर लिहिलंय: “शस्त्रेणादौ विशोधनम्”, आधी शस्त्रानं साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्या आणि दूध मिसळलेलं पाणी घाला. पहिला भाग आजही सोळा आणे खरा. लेपाबद्दल मात्र अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी वेगळं दाखवलं. त्यांनी मशीननं हजारो झाडं उभी चिरली आणि जखमेनंतर आत काय होतं ते बघितलं. 1977 साली त्यांनी ते सगळं मांडलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती घालतं, कुजणं तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. डांबरानं त्या भिंतींना काही मदत होत नाही. उलट ओल आत राहते. मदत होते ती नेमक्या जागी कापण्यानं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. ती ठेवायची, तिच्या बाहेर कापायचं. खोडाला सपाट घासून कापलं की दिसायला सुबक, पण भिंत घालणारा गवंडीच तुम्ही हाकलून दिलात.

जड फांदी एकदम वरून कापू नये, हेही त्यातलंच. आधी थोडं पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे वजन निघून जातं आणि साल खोडापर्यंत फाटत जात नाही. शेवटी राहिलेला ठोंब वळीच्या बाहेर. पोरांना शायगो माहीत नाही, हे माहीत आहे. नवा मुलगा घाईत वरून कापायला लागला की खालून तिघे एकदम विचारतात, “चड्डी फाडतोस का झाडाची?”

वडाच्या गावात राहतो म्हणून वडाचं थोडं. पारंब्या रस्त्यावर येतात म्हणून सरसकट कापायला लावतात. हवेतल्या कोवळ्या पारंब्या कापल्या तर झाडाचं फार बिघडत नाही. पण जमिनीत उतरून जाड झालेली पारंबी हा खांब आहे, तिच्यावर वरची आडवी फांदी टेकलेली असते. ती कापली की फांदी आज नाही तर पाच वर्षांनी जाणार. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणं हा तर आपल्या सोसायट्यांचा आवडता उद्योग. त्यावर बोलायला लागलो तर वेळ पुरणार नाही.

ज्येष्ठात पावसाआधीची छाटणी आणि वटपौर्णिमा एकदमच येतात. दांडिया बाजाराकडे वडावर काम असलं की आपल्याच मराठी बायका फांदी मागायला येतात. पोरांना पहिल्यांदा हे नवल वाटलं, कारण पूजा झाडाची करायची तर झाड समोर उभं आहे. एका काकूंनी सुनावलं, “मला गुडघे आहेत बाबा, तुला नाहीत.” तेव्हापासून त्या आठवड्यात छाटलेल्या फांद्यांतल्या चांगल्या बाजूला काढून ठेवतात. विकत मात्र नाहीत. ते काकांनी बजावलंय. पिंपळावर चढताना पोरं आधी हात लावून डोक्याला लावतात. मी त्यांना आपल्या मुंजाची गोष्ट सांगितली, पिंपळावर राहतो, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. आता संध्याकाळी पिंपळावर काम रेंगाळलं की खालचा म्हणतो, “मुंजाला पण जेवायचं असेल, आवर.” मुंजानं उशिरा काम करण्याची सवय मोडली, मला जमलं नव्हतं.

कामाटीबागेच्या अंगाला विश्वामित्रीच्या काठावर काम असलं तर एक वेगळाच थाट. वर गांधीलमाश्यांचं पोळं, खाली मगर. पोरं नाणेफेक करतात, कोण वर जाणार. ही बाग सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केली. पुढे 1893 साली लंडनच्या क्यू बागेतून क्रुंबिगेल नावाचा जर्मन माळी महाराजांच्या बागांसाठी इथे आला, आणि नंतर बंगळुरूच्या लालबागेपर्यंत पोचला. हे सांगितल्यावर पोरांचा पहिला प्रश्न, “पगार किती होता?” मला सांगता आलं नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी गोष्ट अर्धीच राहिली.

कोनोकार्पस हे परदेशी झाडही त्यांच्या गप्पांत कायमचं. आधी हौसेनं दुभाजकांवर लावले, मग 2023 साली राज्याच्या वनखात्यानं नवी लागवड बंद केली. दोरवाला म्हणतो, “लावायला पण आपणच होतो, काढायला पण आपणच. असा एखादा धंदा निघत नाही का, जो नेहमी चालेल?”

आणि मग महत्त्वाकांक्षा. त्या दुपारी, जेवण झाल्यावर, कापलेल्या बुंध्यावर बसून ठरतात. एकाला बकेटवाली गाडी घ्यायचीय, म्हणजे चढणंच नको. एकाला कॅनडाला जायचंय. तिथे हेच काम करणाऱ्याला परीक्षा देऊन दाखला मिळतो, हे त्यानं मोबाइलवर पाहिलंय. काकांना मुलीच्या मुलाला कॉम्प्युटरला घालायचंय. चेन घासणाऱ्याला कानस घेऊन रावपुऱ्यात स्वतःचं दुकान टाकायचंय, फक्त धार, बाकी काही नाही. मला हा बेत सगळ्यांत पक्का वाटतो. त्यानं गाळ्याचं भाडंही विचारून ठेवलंय.

कॅनडावाल्यानंच झाडावर चढण्याच्या स्पर्धांचा व्हिडिओ दाखवला. 1976 पासून भरतात त्या. दोरावरून वर जाणं, झाडावर ठरलेल्या जागी जाऊन घंटा वाजवणं, आणि एक प्रकार असा की वर जखमी माणूस अडकलाय असं समजून बाहुल्याला सुखरूप खाली आणायचं. पोरं घंटेला हसली. बाहुल्याला हसली नाहीत. आमच्यातला एक वर बेशुद्ध पडला तर आपण काय करतो, असं कुणीतरी विचारलं. फायर ब्रिगेडला फोन, हे उत्तर होतं, आणि गाडी येईपर्यंत काय, याला उत्तर नव्हतं.

त्यानंतर काम नसलेल्या सकाळी आम्ही एका गोरखचिंचेवर गव्हाची गोणी बांधून वर चढवतो आणि दुसऱ्या दोरावरून कुणीतरी जाऊन ती खाली आणतो. चढणाऱ्यानं गोणीशी सतत बोलत राहायचं, हा नियम. गोणीचं नाव सासरेबुवा. “घाबरू नका सासरेबुवा, पट्टा बघतो, पाय इकडे द्या.” पहिल्यांदा सासरेबुवा धाडकन आदळले आणि गहू सांडला, तो काकांनी वेचून कबुतरांना घातला. आता बऱ्यापैकी अलगद येतात. त्या वनस्पतीशास्त्राच्या मुलीचा वेळ सगळ्यांत कमी, आणि कॅनडावाला त्यावरून अस्वस्थ आहे.

झालं माझं. मशीन मी बरोबर आणलंय, पेट्रोल काढून, पात्याला म्यान घालून. ज्यांना चेनचा दात जवळून बघायचाय त्यांनी पुढे यावं, हातमोजे टेबलावर आहेत. झाडांबद्दलचे प्रश्न आत्ता विचारा. दराची चौकशी चहाच्या वेळी, आणि तीही माझ्याकडे नको. काका मागच्या रांगेत बसलेत.